दिसायला जुळी, पण झाडं वेगळी: पानांवरून ओळख पटवायची कशी?

फूल आलं की बहुतेक झाडं आपलं नाव स्वतःच सांगून टाकतात. खरी पंचाईत असते त्याआधी. कुणीतरी फांदी तोडून दिलेली असते आणि देणाऱ्यालाच नाव नक्की ठाऊक नसतं. कुंडीत काहीतरी आपोआप उगवलेलं असतं. रोपाला लावलेली चिठ्ठी दोन पावसाळ्यांत पुसून जाते. अशा वेळी हाताशी उरतं ते फक्त पान.

पान पुरेसं असतं. फक्त बघायचा क्रम बदलावा लागतो. नवशिका आधी पानाचा आकार बघतो: लांबट आहे, गोल आहे, बदामी आहे. नेमकी हीच सगळ्यात फसवी खूण. तुतीच्या एकाच फांदीवर साधी अखंड पानं आणि खोल खाचांची पानं शेजारी शेजारी सापडतात. उलट एकमेकांशी काही नातं नसलेल्या झाडांची पानं आकाराने हुबेहूब सारखी असू शकतात. म्हणून या लेखात आकाराला जवळजवळ शेवटचं स्थान आहे. पहिलं स्थान आहे पान फांदीला जिथे जुळतं त्या जागेला. ती जागा वाचता आली की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

लागणारं साहित्य

- दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. ते डोळ्याजवळ धरायचं आणि पान त्याच्याकडे आणायचं. भिंग पानावर ठेवून लांबून वाकून बघितलं तर काही दिसत नाही.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- पांढरा कागद (फोटोसाठी पार्श्वभूमी, चीक टिपण्यासाठीही)
- जुनी वर्तमानपत्रं आणि दोन-चार जाड पुस्तकं
- वही, पेन्सिल, कात्री
- हातमोजे. चीक येणाऱ्या झाडांसाठी हे हवेतच.

कॅमेऱ्याचा फोन सगळ्यांकडे असतोच. त्याचा उपयोग शेवटच्या पायरीत येईल.

१. पान नको, फांदी घ्या

खुडलेलं एकटं पान म्हणजे अर्धा पुरावा. निदान तीन-चार पेरं असलेला फांदीचा तुकडा घ्या. पेर म्हणजे जिथून पान फुटतं ती जागा. पानं बघायची ती मधल्या पेरांवरची. शेंड्याची पानं कोवळी, बहुतेकदा लालसर आणि पुरती न उलगडलेली असतात. अगदी खालची म्हातारी, किडीने खाल्लेली किंवा सावलीत वाढल्याने अवास्तव मोठी आणि पातळ.

बियांपासून नुकत्याच उगवलेल्या रोपावर घाईने निकाल देऊ नका. जमिनीतून येणारी पहिली दोन पानं ही बहुधा बीजपत्रं असतात आणि ती मोठ्या झाडाच्या पानांसारखी क्वचितच दिसतात. त्यानंतरची दोन-तीन पानंही साधीच येतात. संयुक्त पानांची, म्हणजे एकेक पान बऱ्याच छोट्या पात्यांत विभागलेली, कित्येक झाडं आधी साध्या, न विभागलेल्या पानांनी सुरुवात करतात. पाच-सहा पानं येऊ द्या.

वयाचा घोळ वेलींमध्ये सर्वांत जास्त. मनी प्लांट कुंडीत लोंबत असताना तळहाताहून लहान पानं देतो. तोच मोठ्या झाडाच्या खोडावर चढला की पानं हातभर होतात आणि कडेने फाटतात. दोन्ही अवस्था शेजारी ठेवल्या तर हे एकच झाड आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

२. पान कुठे संपतं ते ठरवा

कढीपत्त्याचं ‘एक पान’ आपण ज्याला म्हणतो ती खरं तर पर्णिका आहे. पान म्हणजे ती पूर्ण डहाळी. हे ठरवायची खूण पक्की आहे: खऱ्या पानाच्या बेचक्यात, म्हणजे देठ आणि फांदी यांच्या मधल्या कोनात, डोळा (नव्या फुटीचा बारीक कोंब) असतो. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. भिंग घ्या आणि डोळा शोधत फांदीच्या दिशेने मागे मागे जा. जिथे सापडेल तिथे पानाची सुरुवात.

एवढं जमलं की कढीपत्ता, कडुनिंब आणि बकाण निंब हा नेहमीचा गोंधळ सुटतो. कढीपत्ता आणि कडुनिंब यांचं पान एकदाच विभागलेलं: एक मधला दांडा आणि त्याला थेट लागलेल्या पर्णिका. बकाण निंबाचा दांडा पुन्हा फुटतो आणि पर्णिका त्या उपदांड्यांवर लागतात. उरले पहिले दोन. कडुनिंबाच्या पर्णिका विळ्यासारख्या वाकलेल्या, बुडाशी एका बाजूला जास्त पसरलेल्या, आणि कडा ठसठशीत करवती. कढीपत्त्याच्या पर्णिकेची कडा जवळजवळ सपाट, दाते असलेच तर अगदी बारीक. शिवाय ती उजेडासमोर धरली तर आत टाचणीने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. वास तिथूनच येतो.

कुंती, जिला कामिनीही म्हणतात, ही कढीपत्त्याच्याच कुळातली, त्यामुळे ठिपके तिलाही आहेत. पण तिच्या पर्णिका कमी, साधारण तीन ते नऊ, जाड आणि तुकतुकीत. कढीपत्त्याला त्याहून पुष्कळ जास्त आणि पातळ.

या नियमाची एक गंमतशीर उलटी बाजू आहे. आवळा आणि भुईआवळा यांच्या बारीक फांद्या हुबेहूब संयुक्त पानासारख्या दिसतात, पण त्यावरचं प्रत्येक चिमुकलं पातं हे स्वतंत्र पान आहे. पुरावा हवा असेल तर फांदी उलटी करा. प्रत्येक पातीच्या बुडाशी बारीक फुलं किंवा फळं लोंबताना दिसतील. पर्णिकेच्या बेचक्यात फूल येत नाही. लाजाळूच्या पानाशी भुईआवळ्याची गल्लत होते ती इथेच संपते.

३. पानांची मांडणी बघा

आता फांदीवर पानं कशी बसली आहेत ते बघा. एका पेरावर एकच पान असेल तर एकाआड एक, दोन असतील तर समोरासमोर, तीन किंवा जास्त असतील तर मंडलाकार. माझ्या मते नवशिक्याने एकच खूण शिकायची असेल तर ही शिकावी. ऋतू, खत, ऊन-सावली यांनी ती सहसा बदलत नाही.

कण्हेर आणि पिवळी कण्हेर (काही जण बिट्टी म्हणतात) यांची पानं दोन्ही लांब, अरुंद, टोकदार. लांबून बघणारा हमखास फसतो. जवळ जा. कण्हेरीला एका पेरावर बहुधा तीन पानं, जाड आणि चामट, मधल्या शिरेपासून कडेपर्यंत अगदी जवळजवळच्या समांतर शिरा. पिवळ्या कण्हेरीची पानं एकेकटी, फांदीभोवती गोल फिरत गेलेली, जास्त चकचकीत, आणि बाजूच्या शिरा जेमतेम दिसणाऱ्या. दोन्ही झाडं मुळापासून बियांपर्यंत विषारी आहेत, हृदयावर थेट परिणाम करणारी. ओळखण्यासाठी म्हणून पान चावून बघायची सवय असेल तर ती इथेच सोडा.

एक सापळा: जिथे पेरं फार जवळ असतात, विशेषतः फांदीच्या टोकाशी, तिथे एकाआड एक किंवा समोरासमोरची पानंही झुपक्यात दिसतात आणि मंडलाकार वाटतात. डाळिंबाच्या आखूड उपफांद्यांवर तर हे नेहमीच. अशा वेळी जोमाने वाढलेली, लांब कांड्यांची नवी फांदी शोधा आणि तीच प्रमाण माना.

४. दोन देठांच्या मधली जागा भिंगाखाली घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. समोरासमोरची पानं असतील तर दोन देठांच्या मधे, फांदीच्या मोकळ्या भागावर काही आहे का ते बघा.

अनंत आणि तगर ही जोडी घ्या. दोन्ही झुडपं गर्द हिरवी, पानं तुकतुकीत, समोरासमोर, अखंड कडांची. फुलंही पांढरी, त्यामुळे फुलांच्या आठवणीनेही मदत होत नाही. अनंताच्या दोन देठांच्या मधे एक पातळ, टोकदार पापुद्रा फांदीला लपेटून बसलेला असतो. तो म्हणजे उपपर्ण. कोवळ्या शेंड्याजवळ तो हिरवट आणि स्पष्ट असतो, खाली जाताना तपकिरी होऊन वाळतो, तरी त्याचा माग राहतो. तगरीत असा पापुद्रा नाही. पण तगरीचं पान देठापाशी तोडलं की पांढरा दुधाळ चीक टपकतो. अनंताला चीक नाही. दोन स्वतंत्र खुणा एकाच बाजूने बोलल्या की मगच नाव लिहायचं, ही माझी पद्धत.

दोन देठांच्या मधलं हे उपपर्ण एक्झोरा, भूतकेस आणि कॉफी यांनाही असतं, कारण ही सगळी एकाच कुळातली. म्हणजे ‘समोरासमोर, अखंड कडा, देठांच्या मधे उपपर्ण’ हे त्रिकूट दिसलं की झाड कोणतं ते कळलं नाही तरी कुळ कळतं, आणि शोध बराच आटोक्यात येतो.

उपपर्ण गळून पडलं तरी खूण ठेवतं. सोनचाफ्याच्या फांदीवर प्रत्येक पेराशी फांदीला पूर्ण वळसा घालणारी बारीक रेघ असते. शेंड्याची कळी ज्या उपपर्णात गुंडाळलेली असते, ते गळल्याची ती खूण. चाफा म्हणून ओळखली जाणारी बाकीची झाडं आणि सोनचाफा यांचं नातं फक्त नावापुरतं आहे. पांढरा किंवा लाल चाफा फांदी मोडताच भळाभळा चीक देतो, सोनचाफा देत नाही.

चाफ्यांमध्ये आपसांतही पानावरून भेद करता येतो. दोन मुख्य प्रकार बघायचे ते टोकावर. एकाचं पान टोकाशी निमुळतं आणि पानगळीत झाड उघडंबोडकं होतं. दुसऱ्याचं टोक गोल, बोथट, पान जास्त काळपट-चकचकीत, आणि झाड बराचसा काळ हिरवं राहतं. तिसरा प्रकार, जो अलीकडे कुंडीत फार दिसतो, त्याचं पान देठाकडे अरुंद आणि टोकाकडे एकदम रुंद होतं. तो बाकीच्या दोघांत मिसळतच नाही. पहिल्या दोन्ही प्रकारांत कडेला लागून एक शीर पूर्ण पानभर फिरते आणि बाजूच्या सगळ्या शिरा तिला येऊन मिळतात. पान उलटं करून बघा, छान दिसतं.

५. देठ वाचा

देठ म्हणजे नुसती दांडी नव्हे. तो गोल आहे की वरून खोबणीचा, त्याला पंख आहेत का, तो पात्याला, म्हणजे पानाच्या पसरट भागाला, कडेला जुळतो की पोटात, या प्रश्नांवर कितीतरी जोड्या सुटतात.

*लिंबाची मंडळी.* लिंबू, मोसंबी, पपनस यांच्या देठाला दोन्ही बाजूंनी हिरवे पंख असतात आणि पंख जिथे संपतात तिथे पात्याशी एक सांधा असतो. पपनसाचे पंख रुंद, बदामाच्या आकाराचे. मोसंबीचे अरुंद. कागदी लिंबाचेही अरुंद, पण पान एकूणच लहान. महाळुंगाला पंख जवळजवळ नसतातच, आणि सांधाही नसतो. सुगंधी पानांसाठी लावल्या जाणाऱ्या काफिर लाइममध्ये पंख जवळपास पात्याएवढा, त्यामुळे एकापुढे एक दोन पानं जोडल्यासारखं दिसतं.

*अळूची मंडळी.* अळू, ॲलोकेशिया आणि कॅलेडियम. अळूचा देठ पात्याला खाचेपाशी न जुळता थोडा आत, पात्याच्या पोटात जुळतो. पान खाली झुकतं. वरचा पृष्ठभाग मखमली, निस्तेज. त्यावर पाणी टाकलं तर थेंब गोळी होऊन घरंगळून जातो आणि पान कोरडं राहतं. मोठ्या ॲलोकेशियाचं पूर्ण वाढलेलं पान वर आकाशाकडे रोखलेलं, चकचकीत, आणि देठ खाचेपाशीच जुळलेला. मात्र शोभेच्या कितीतरी छोट्या ॲलोकेशियांत देठ पोटात जुळतो, तेव्हा या एका खुणेवर विसंबू नका. कॅलेडियमचाही देठ पोटात, पण पान कागदासारखं पातळ आणि बहुधा रंगीबेरंगी. या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा आणि तोंड सुजवणारे. पान बघून ‘हा खायचा अळू’ असं कधीही ठरवू नका.

*मनी प्लांट आणि फिलोडेंड्रॉन.* बदामी पानाचा फिलोडेंड्रॉन मनी प्लांट म्हणून सर्रास दिला-घेतला जातो. झाडाला त्याने काही बिघडत नाही, पण ओळखायचंच असेल तर ही माझी आवडती जोडी आहे, कारण खुणा अगदी स्वच्छ आहेत. नवं पान येताना बघा. फिलोडेंड्रॉनचं नवं पान एका वेगळ्या पातळ वेष्टनात गुंडाळलेलं येतं. पान उलगडलं की ते वेष्टन सुटं होऊन तपकिरी पडतं, वाळतं, गळतं. मनी प्लांटला असं वेगळं वेष्टन नसतं, नवं पान आधीच्या पानाच्या देठाला चिकटून तिथूनच उलगडत बाहेर येतं. मनी प्लांटच्या देठाला वरून स्पष्ट खोबण, फिलोडेंड्रॉनचा देठ जवळजवळ गोल. पेरांवरची हवाई मुळंही बघा: मनी प्लांटला पेरागणिक बहुधा एक जाडसर, आखूड, फिलोडेंड्रॉनला बारीक मुळांचा पुंजका. आणि पान बोटांत धरलं तर मनी प्लांटचं जाड, किंचित उंचसखल. फिलोडेंड्रॉनचं पातळ आणि मऊ. आता यात रंगाचा उल्लेख नाही हे लक्षात आलं असेल. पिवळे-पांढरे पट्टे दोघांनाही असू शकतात.

सिंगोनियमची कोवळी पानं बाणाच्या आकाराची असतात आणि कॅलेडियमशी गल्लत होते. देठ तोडा: सिंगोनियमला दुधाळ चीक येतो. शिवाय ते वेल आहे, कॅलेडियम कंदातून थेट जमिनीतून पानं काढतं.

६. बदामी पानांच्या वेली

गुळवेल, नागवेल आणि कारांदा या तिघांच्या पानांचा आकार इतका सारखा की फोटो बघून सांगणाऱ्यांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. त्यांना शिरांनी ओळखायचं.

कारांद्याच्या पानात बुडातून निघालेल्या सगळ्या मुख्य शिरा कमानी घेत टोकाकडे जातात आणि त्यांच्या मधे आडव्या बारीक शिरांच्या पायऱ्या असतात. मोठ्या वेलीवर पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे गोळेही लटकतात. गुळवेलीच्या शिराही बुडातूनच पसरतात, पण पुढे फाटे फुटून जाळं होतं. तिच्या लांब देठाची दोन्ही टोकं किंचित सुजल्यासारखी जाड असतात आणि जुन्या वेलीवरून दोऱ्यासारखी मुळं खाली सुटतात. नागवेल पेरांवर फुगीर असते, पेरांतून फुटलेल्या आखूड मुळांनी आधाराला चिकटते, आणि पान चुरडलं की तिखट, सुवासिक दर्प येतो. गुळवेलीच्या आणि कारांद्याच्या पानाला असा वास नाही.

औषध म्हणून गुळवेल शोधत असाल तर एवढी ओळख पुरेशी नाही. ती जाणकाराकडून प्रत्यक्ष झाड दाखवून पक्की करून घ्या.

७. मोगऱ्याचं गोत्र

इथे थोडं थांबू, कारण फूल नसताना हे गोत्र भल्याभल्यांना चकवतं आणि पानाने मात्र सरळ सुटतं.

मोगऱ्याचं पान साधं, समोरासमोर, देठ अगदी आखूड. कधी कधी एका पेरावर तीन पानंही येतात. पान उलटं करा आणि मधल्या शिरेला बाजूची शीर जिथे मिळते त्या कोपऱ्यात भिंगाने बघा: लवेचे छोटे पुंजके दिसतील. बाकीचं पान गुळगुळीत. कुंदाचं पानही साधं आणि समोरासमोर, पण कोवळ्या फांद्या आणि पानं लवेने मखमली झालेली. बोट फिरवलं तरी पुरे.

जाईचं पान संयुक्त, सहसा पाच, सात किंवा नऊ पर्णिकांचं. मुख्य खूण शेवटच्या पर्णिकेची: ती मोठी असते आणि तिच्या मागची जोडी बहुधा तिला बुडाशी जोडलेलीच असते, पूर्ण सुटी झालेली नसते. जुईचं पान तीन पर्णिकांचं, पण त्यातली फक्त मधली मोठी. बाजूच्या दोन इतक्या चिमुकल्या की देठाला कान फुटल्यासारखे दिसतात. कधी त्या गळून गेलेल्या असतात आणि पान साधं भासतं. म्हणून एका पानावर थांबू नका, फांदीवरची दहा पानं बघा. कुठेतरी ते कान सापडतातच.

पिवळ्या फुलांची एक झुडपी जाई या सगळ्यांहून वेगळी, कारण तिची पानं एकाआड एक लागतात. आणि स्टार जास्मिन नावाने मिळणारी वेल मुळात जाईजुईच्या कुळातली नाहीच: पान तोडलं की चीक येतो. मोगऱ्याच्या गोत्रात चीक नसतो.

पारिजातक मात्र मोगऱ्याच्याच कुळातला. त्याची पानं समोरासमोर, फांदी चौकोनी, आणि पान इतकं खरखरीत की एकदा बोट फिरवल्यावर दुसऱ्या कुठल्या पानाशी गल्लत होणार नाही.

बटमोगरा की एकेरी मोगरा, हे पानावरून सांगता येईल अशी आशा ठेवू नका. एकाच जातीच्या वाणांत पान बहुधा सारखंच असतं. गुलाबाचे आणि जास्वंदीचे रंग पानावरून सांगणारे भेटले तर कौतुकाने ऐकून घ्या आणि फुलाची वाट बघा.

८. चुरडा, हुंगा, पण चाखू नका

कोवळं-जून नसलेलं मधलं पान घेऊन बोटांत चुरडा. दुसरं पान हुंगण्याआधी बोटं धुवा, नाहीतर तिसऱ्या पानापासून सगळ्यांना एकच वास येऊ लागतो.

तुळशीच्या मंडळींमध्ये वास हाच आधार, पण सोबत स्पर्शही हवा. तुळशीचं खोड आणि पान लवदार. सब्ज्याचं पान गुळगुळीत आणि चमकदार. रानतुळस मोठं झुडूप होते, पानं लांब आणि वास बहुधा लवंगेच्या अंगाचा. कापूरतुळस राखट, लवदार आणि नावाप्रमाणे कापराच्या वासाची. चौघींचं खोड चौकोनी, पानं समोरासमोर. मात्र घाणेरीचंही खोड चौकोनी, पानं समोरासमोर आणि वासाची. तिचं पान खरखरीत असतं आणि खोडावर बहुधा उलटे, बारीक काटे असतात. फुलं नसताना तुळशीचं रोप समजून घाणेरी जपली जाते ती याच तीन खुणा जुळल्यामुळे.

पानओवा आणि पानफुटी या दोघांना काही ठिकाणी एकाच नावाने हाक मारतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. दोन्ही मांसल, समोरासमोर, गोलसर दात्यांच्या कडांची. पानओवा लवदार आणि ओव्यासारख्या उग्र वासाचा. पानफुटी गुळगुळीत, बिनवासाची, आणि पान ओल्या मातीवर ठेवलं तर कडेच्या खाचांतून नवी रोपं फुटतात. जुन्या पानफुटीवर तीन-पाच पर्णिकांची पानंही येतात. ते दुसरं झाड नव्हे.

जास्वंदीचं पान थोड्या पाण्यात चोळलं की बोटांत बुळबुळीतपणा येतो. तुतीचं कोवळं पान तोडलं तर पांढरट चीक दिसतो. दोन्ही पानं दातेरी, एकाआड एक आणि बुडातून तीन शिरा निघणारी, त्यामुळे ही चाचणी कामाची.

मेंदी आणि डाळिंब: दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींना लहान, अखंड कडांची, समोरासमोर पानं आणि फांद्यांना काटे. कोवळी पालवी लालसर आणि पान जास्त चकचकीत असेल तर डाळिंबाकडे झुका. खात्रीसाठी चार पानं पाण्याचा थेंब घालून चुरडा आणि बोटावर थोडा वेळ राहू द्या. मेंदी असेल तर केशरी डाग उरेल.

चीक हा खुणेचा माणूस असला तरी जपून. शेराच्या कुळातला चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. चीक तपासताना हातमोजे घाला, तो कागदावर टिपा, आणि हात धुवेपर्यंत चेहऱ्याला हात लावू नका.

९. कलमी झाडावर खालची फूट मोजू नका

गुलाब, लिंबू, आंबा ही झाडं बहुधा कलमी असतात: खाली एका झाडाचा खुंट, वर दुसऱ्याची फांदी. सांध्याखालून फूट आली तर ती खुंटाची, आणि तिची पानं वरच्या झाडासारखी असण्याचं कारण नाही. संत्र्याच्या झाडावर मधेच तीन पर्णिकांची पानं दिसली तर झाड बदललं नाही. त्रिपर्णी खुंटाला फुटवा आला आहे.

गुलाबाबाबत ‘पाच पर्णिका म्हणजे कलम, सात म्हणजे रानटी फूट’ असा एक नियम सांगतात. तो धरून कात्री चालवू नका. चांगल्या जातिवंत गुलाबांनाही सात पर्णिकांची पानं येतात. फूट सांध्याच्या वर निघाली की खाली, एवढंच बघायचं.

१०. नोंद ठेवा, मग विचारा

प्रत्येक झाडाची एक फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवा. एक पान सुलटं आणि एक उलटं ठेवायचं, कारण वाळल्यावर पलटवता येत नाही. सुरुवातीला कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. मांसल पानं या पद्धतीने नीट वाळत नाहीत. त्यांचे फोटोच बरे. वहीत तारीख, झाडाची उंची, चीक, वास आणि ताज्या पानाचा रंग लिहा. वाळलेल्या पानात यातलं फारसं काही उरत नाही.

फोटोवरून नाव सुचवणारी ॲप जरूर वापरा, पण ती मुख्यतः आकार आणि रंग बघतात, म्हणजे नेमक्या आपण मागे ठेवलेल्या खुणा. ॲपने सुचवलेली पहिली तीन नावं घ्या आणि वरच्या पायऱ्यांनी त्यातली दोन बाद करा. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकून ओळख विचारायचं संकेतस्थळ) नोंद टाकत असाल तर लागवडीचं झाड आहे हे नमूद करा; तिथे भर असतो तो रानात आपोआप उगवलेल्या झाडांच्या नोंदींवर, त्यामुळे कुंडीतल्या झाडाला उत्तर यायला वेळ लागू शकतो.

माणसांना विचारणार असाल तर एका सुंदर पानाचा एक सुंदर फोटो पाठवू नका. हे पाठवा:

- पूर्ण झाड, शेजारी मापासाठी काहीतरी ठेवून
- तीन पेरांची फांदी, पानांची मांडणी दिसेल अशी
- देठ आणि फांदी यांचं बेचकं, अगदी जवळून
- पानाची वरची बाजू आणि खालची बाजू, पांढऱ्या कागदावर पट्टीसह
- उजेडासमोर धरलेलं पान
- तोडलेला देठ, चीक आला की नाही ते दिसेल असा

सोबत एक ओळ: चुरडल्यावर वास कसा आला. तो फोटोत येत नाही आणि विचारणारे निम्मे जण तोच सांगायचा विसरतात.